रेवतीची योगतारा : पुण्यातील वेधपरंपरा आणि तारानकाशा

वेध घेण्याच्या क्रियेत दुर्बीण फिरविणे हा शेवटचा टप्पा होय. त्यापूर्वी वेधकर्त्याला दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात : कोणती तारा पाहावयाची, आणि तिच्यासह आकाशाचा किती भाग दृष्टिक्षेत्रात घ्यावयाचा. आज हे काम संगणकावरील तारानकाशा करतो. स्थळ, दिवस व वेळ सांगितली की त्या क्षणीचे आकाश पडद्यावर उभे राहते. दुर्बिणीचे नाभ्यंतर आणि कॅमेऱ्यातील संवेदकाची लांबी-रुंदी सांगितली की छायाचित्रात मावणारा भाग एका चौकटीने दाखविला जातो, आणि ती चौकट हवी तशी सरकविता व फिरविता येते. या साधनाचा विचार सामान्यतः तंत्राचे एक नवल म्हणून केला जातो. परंतु ज्या दोन प्रश्नांना ते उत्तर देते, ते प्रश्न पुण्यात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारले गेले होते. तेही प्रथम दुर्बिणीसाठी नव्हे, तर पंचांगासाठी. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा निकाल यंत्राने लावला आहे. पहिल्याचा मात्र लावलेला नाही, आणि तो लावणे यंत्राच्या अधिकारात येत नाही.

या इतिहासाचा आरंभ केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांच्यापासून करणे सोयीचे आहे. डेक्कन कॉलेजात गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, ग्रहणाची वेळ चुकते, हे त्यांच्या काळी उघड झाले होते. नव्या कोष्टकांनी ग्रह आकाशात जेथे दिसतात तेथे कागदावर आणून ठेवले. मात्र त्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली. पाश्चात्त्य गणित ग्रहांचे भोग वसंतसंपातापासून मोजते. भारतीय निरयन गणना त्यांना एका स्थिर आरंभबिंदूपासून, म्हणजे अश्विनी नक्षत्राच्या आरंभापासून व रेवतीच्या अंतापासून, मोजते. संपात दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. आरंभबिंदू सरकत नाही. या दोहोंतील अंतर ते अयनांश. ग्रह कितीही सूक्ष्म रीतीने साधला, तरी अयनांश किती धरावे हे ठरविल्यावाचून पंचांगाची एकही ओळ लिहिता येत नाही. आणि अयनांश ठरवावयाचे तर आरंभबिंदू आकाशात नेमका कोठे आहे हे दाखवावे लागते. केरूनानांनी तो रेवतीच्या योगतारेवर धरला, व ती योगतारा म्हणजे पाश्चात्त्य नकाशातील मीन राशीतली झीटा ही तारा होय, असे मानले. या आधारावर निघालेले पंचांग १८६५ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि आबा पटवर्धन यांच्या साहाय्यामुळे 'पटवर्धनी पंचांग' म्हणून ओळखले गेले. डेक्कन कॉलेजात छत्र्यांचे विद्यार्थी असलेले लोकमान्य टिळक याच मताचे पुरस्कर्ते झाले, आणि त्यांच्या नावाने चालणारे पंचांग आजही रैवतपक्षाचे आहे.

दुसरा पक्ष चित्रेचा. त्याचे मराठी भाषकांतील प्रमुख प्रतिपादक व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे होत. 'ज्योतिर्गणितम्' या संस्कृत ग्रंथाचे आणि 'नक्षत्रविज्ञान' या मराठी पुस्तकाचे ते कर्ते. चित्रा ही पहिल्या प्रतीची ठळक तारा. तिच्या ओळखीविषयी कोणाचेही दुमत नाही. तिचे स्थान बरोबर १८० अंश धरावे, म्हणजे समोरचा बिंदू आपोआप शून्य होतो, अशी या पक्षाची मांडणी. भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला धरले. ते चित्रापक्षाशी जवळजवळ जुळणारे आहेत. तिसरे मत शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांचे. ते सायनवादी असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने पंचांगासाठी स्थिर तारेची आवश्यकताच नव्हती. तरीही तारांच्या ओळखीचा सर्वांत कसोशीचा अभ्यास त्यांनीच केला, ही या वादातील एक लक्षणीय गोष्ट होय.

दोन्ही पक्षांच्या आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. आकाशात ते आठ चंद्रबिंबांएवढे आहे. सूर्य रोज सुमारे एक अंश चालतो; म्हणून चित्रापक्षाची मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास, तर रैवतपक्षाची १० जानेवारीच्या सुमारास येते. संक्रांती बदलल्या की ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिकमासही काही वर्षी वेगळा ठरतो, आणि मग दोन शेजारघरांतील सणांमध्ये एक महिन्याचे अंतर पडते. नक्षत्रविभाग १३ अंश २० कलांचा असल्याने चार अंशांच्या फरकामुळे दहांतील तिघांचे जन्मनक्षत्र एका पंचांगात एक व दुसऱ्यात दुसरे निघते. ज्या समाजात नावाचे आद्याक्षर आणि विवाहाची पत्रिका नक्षत्रावरून ठरत असे, तेथे आकाशातील एका अंधुक ठिपक्याची ओळख हा केवळ विद्वानांच्या बैठकीचा विषय राहणे शक्य नव्हते.

आता त्या ठिपक्याकडे वळावे. झीटा ही पाचव्या प्रतीची तारा आहे. काळोख्या रात्री गावाबाहेर ती नुसत्या डोळ्यांना दिसते. पुण्याच्या मध्यवस्तीतून आज ती दिसत नाही. मुहूर्तग्रंथांत रेवतीच्या ३२ तारा व मृदंगाची आकृती सांगितलेली असते. बत्तिसांतून एक, तीही फिकी, योगतारा म्हणून का निवडली जावी? मीन राशीत तिच्यापेक्षा ठळक तारा आहेत. त्यांपैकी ईटा ही सर्वांत तेजस्वी. पण ती क्रांतिवृत्ताच्या उत्तरेस पाच अंशांहून अधिक दूर आहे. सूर्यसिद्धांत रेवतीच्या योगतारेचा विक्षेप शून्य देतो. झीटा क्रांतिवृत्तापासून सुमारे १३ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्याहून कमी अंतरावर आहे. आरंभबिंदू दाखवावयाचा तर सूर्याच्या वाटेवरचीच खूण हवी. तेजापेक्षा स्थानाला महत्त्व दिले गेले असावे, असे अनुमान करण्यास यामुळे जागा राहते.

भोगाच्या बाबतीत मात्र ग्रंथ एकमुखी नाहीत. सूर्यसिद्धांत रेवतीचा ध्रुवक ३५९ अंश ५० कला व चित्रेचा १८० अंश देतो. ब्रह्मगुप्त इ. स. ६२८ मध्ये रेवतीला शून्य आणि चित्रेला १८३ अंश देतो. झीटा व चित्रा यांच्या भोगांतील प्रत्यक्ष अंतर १८४ अंशांच्या अगदी जवळ आहे. ध्रुवक हा क्रांतिवृत्तावर लंब टाकून नव्हे, तर ध्रुवातून जाणाऱ्या वर्तुळाने मोजला जातो. चित्रा क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेस सुमारे दोन अंश असल्याने या रीतीने तिचे स्थान जवळजवळ एक अंश मागे येते, आणि अंतर १८३ अंशांवर उतरते. म्हणजे रेवती ही झीटा असेल, तर ब्रह्मगुप्ताचे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरतात. सूर्यसिद्धांताचे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरू शकत नाहीत. रैवत व चैत्र हे दोन पक्ष वस्तुतः सूर्यसिद्धांतातील या एका विसंगतीच्या दोन टोकांना धरून उभे आहेत. हा पडताळा पूर्वी लघुगणकाच्या कोष्टकांनी एखाद्या दुपारभर बसून करावा लागे. तारानकाशात दोन तारांवर खूण केली की विषुवांश, क्रांती, भोग व शर हे सर्व आकडे शेजारी उमटतात.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक प्रश्न निर्माण होतो. विशेषनाम वस्तूला चिकटते ते बोट दाखविण्याने. पण नक्षत्रांची नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती याद्यांतून. यादीत नावाचा क्रम सुरक्षित राहतो, आकडाही श्लोकात सुरक्षित राहतो. बोट मात्र हरवते. इ. स. १०३० च्या सुमारास अल्‌बिरूनीने हिंदुस्थानविषयक ग्रंथात अशी तक्रार नोंदविली आहे की, नक्षत्रांच्या तारा डोळ्यांनी ओळखून बोटाने दाखवू शकणारा एकही पंडित त्याला भेटला नाही. परकीयाचे म्हणणे म्हणून ते बाजूला सारता येईल. परंतु एकोणिसाव्या शतकात योगतारांची ओळख पुन्हा मुळापासून करावी लागली, यावरून त्यात तथ्य होते असेच म्हणावे लागते. अरबांच्या अठ्ठावीस चांद्रस्थानांशी तुलना करूनही येथे उलगडा होत नाही. त्यांच्या यादीत रेवतीच्या जागी येणारे 'बत्‌न अल्‌हूत' हे स्थान देवयानीतील एका ठळक तारेशी निगडित आहे, आणि ती क्रांतिवृत्ताच्या उत्तरेस पंचवीस अंशांहून अधिक दूर आहे. याद्या समांतर असल्या म्हणून नावांमागील तारा एक असतात असे नाही.

कोलब्रुकने १८०७ मध्ये संस्कृत आकड्यांवरून योगतारा पाश्चात्त्य नकाशात शोधण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न केला. १८६० मध्ये सूर्यसिद्धांताच्या इंग्रजी भाषांतराला जोडलेल्या टीपांत बर्जेस व व्हिटनी यांनी तो पुढे नेला. १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात दीक्षितांनी निरनिराळ्या अभ्यासकांची मते शेजारीशेजारी मांडून त्यांची चिकित्सा केली. हे कोष्टक मराठीतील पहिला चिकित्सक तारानकाशाच होय, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. त्यात चित्र नाही. पण कोणते नाव कोणत्या बिंदूवर ठेवावे आणि त्यास पुरावा काय, हे नकाशाचे मूळ काम त्यात झाले आहे. पुढील काळातील पुष्कळ सुबक नकाशांत नेमके तेवढेच आढळत नाही.

दीक्षित हे कोष्टक सिद्ध करीत होते त्याच वर्षांत पुण्यात वेधाचे दुसरे केंद्र उभे राहिले, व तेथील प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढील अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ मध्ये वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८). डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली तेथील परावर्तक दुर्बीण पुढे वीस इंची म्हणून प्रसिद्ध झाली. त्या काळी हिंदुस्थानात तीहून मोठी दुर्बीण नव्हती. नायगमवालांचा मुख्य विषय वर्णपटदर्शन. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटावरील त्यांचे निरीक्षण १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेजोमेघातील प्रमुख हिरवी रेषा धूसर पट्ट्याची कड नसून स्वच्छ रेषा आहे, हा त्याचा निष्कर्ष लॉकयर यांच्या तत्कालीन उपपत्तीला प्रतिकूल होता. अशा कामात लक्ष्य कोणते याविषयी वाद नसतो. मृगाचा तेजोमेघ कोणालाही दाखविता येतो. तेथे प्रश्न असतो तो किती भाग घ्यावयाचा याचा. वर्णपटदर्शकाची फट तेजोमेघाच्या एका अरुंद पट्टीवरच ठेवता येते. ती कोठे ठेवली यावर काय दिसेल हे अवलंबून असते.

या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सापडते. छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरून वऱ्हाडाकडे गेला. करमाळे तालुक्यातील जेऊर हे गाव पट्ट्यात होते व रेल्वेवर होते. नायगमवालांनी आपली उपकरणे पुण्याहून तेथे नेली, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीही तेथेच तळ दिला. लॉकयर विजयदुर्गास होते. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. त्या वायूची पिवळी रेषा १८६८ मध्येच लक्षात आली होती, आणि रॅम्से यांनी १८९५ मध्ये तो प्रयोगशाळेत मिळविलाही होता. विजयदुर्गाच्या तळाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. त्यासाठी नसलेल्या शोधाची गरज नाही.) खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात दुर्बीण हलवून पाहण्यास अवसर नसल्याने चौकट आधीच ठरवावी लागे, आणि एकदा ठरली की ती बदलता येत नसे.

जेऊरला कॅम्पबेल यांच्याजवळ चाळीस फूट नाभ्यंतराचा कॅमेरा होता. त्यात सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच रुंद उमटे, आणि प्रभामंडळाचे बिंबालगतचे बारकावे दिसत. दूरवर पसरलेले किरण काचेबाहेर जात. वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश खगोलसंस्थेच्या तुकडीत अ‍ॅनी माँडर होत्या. त्यांचा कॅमेरा दीड इंची भिंगाचा व तोकड्या नाभ्यंतराचा. त्यात सूर्य मोहरीच्या दाण्याएवढा येई. परंतु त्याच काचेवर सूर्यबिंबाच्या कित्येक पट लांब गेलेला प्रभामंडळाचा एक किरण उमटला. तोपर्यंत इतका लांब किरण कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. एकच ग्रहण, एकच प्रभामंडळ. एका चौकटीने जे गमावले ते दुसरीने मिळविले. नाभ्यंतर व काचेचा आकार यांचा भागाकार हाच येथे सारा हिशेब आहे, आणि आजचा संगणक चौकट आखताना नेमका तोच भागाकार करतो. ७५० मिलिमीटर नाभ्यंतराची दुर्बीण व २३.५ गुणिले १५.७ मिलिमीटरचा संवेदक घेतला, तर चौकट सुमारे १ अंश ४८ कला रुंद आणि १ अंश १२ कला उंच होते. मृगाचा तेजोमेघ तीत मावतो. देवयानीची दीर्घिका सुमारे तीन अंश लांब असल्याने मावत नाही. तिच्यासाठी दोन-तीन चौकटी जोडाव्या लागतात.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यात संघटित वेधाची परंपरा पुन्हा रुजली ती २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे. हौशी खगोलप्रेमींची ही देशातील सर्वांत जुनी संस्था टिळक स्मारक मंदिरात आहे, हा योगायोग पंचांगवादाच्या अभ्यासकाला सूचक वाटावा. १९१० मध्ये प्रथम निघालेला नॉर्टनचा नकाशासंग्रह आणि १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात बेच्‌वार्झ यांनी काढलेला संग्रह, ही त्या पिढीच्या वेधकर्त्यांची जगभरची साधने होती. छापील नकाशात एक मर्यादा मूळचीच असते : तो एका वर्षापुरता खरा असतो. बेच्‌वार्झ यांचा नकाशा १९५० च्या संपातावर आखलेला आहे. पन्नास वर्षांत संपात सुमारे ४२ कला सरकतो. १९५० चे आकडे २००० साली तसेच दुर्बिणीच्या चक्रांवर लावले, तर उच्च वर्धनाच्या नेत्रिकेत तारा येणारच नाही. म्हणजे ज्या अयनचलनाने पंचांगकर्त्यांत पक्ष पाडले, तेच अयनचलन दुर्बीण लावणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबात येऊन बसले होते. त्याने मात्र पक्ष पाडले नाहीत, कारण नकाशाच्या कोपऱ्यात वर्ष छापलेले असे. नियम एवढाच की आरंभबिंदू कोणता हे आधी सांगावे. पंचांगांच्या मुखपृष्ठांवरही अयनांश इतक्याच ठळकपणे छापले असते, तर वादातील निम्मा कडवटपणा टळला असता.

संगणकीय नकाशाने ही मर्यादा दूर केली. हिप्पार्कस उपग्रहाच्या वेधांवरून १९९७ मध्ये १,१८,२१८ तारांची सूची प्रसिद्ध झाली. गाइया उपग्रहाच्या २०२२ मधील सूचीत सुमारे १८१ कोटी नोंदी आहेत. २००० साली फ्रान्समधील फाब्यँ शेरो यांनी आरंभिलेली 'स्टेलेरियम' ही आज्ञावली विनामूल्य व मुक्त असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती सहज आली. पुण्यातही या क्षेत्रात स्वतंत्र काम झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या संस्थेने पर्सिस्टंट सिस्टिम्स या पुण्यातील कंपनीच्या सहकार्याने आभासी वेधशाळेच्या प्रकल्पात 'व्हीओप्लॉट' हे साधन तयार केले. त्यावर तारासूचीतील आकडे आलेखरूपाने मांडता येतात. आयुकाची गिरवली येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून कार्यान्वित आहे. अशा दुर्बिणीवरील रात्री मोजक्या असतात, आणि लक्ष्य केव्हा उगवेल, चंद्र किती जवळ असेल, चौकटीत मार्गदर्शक तारा येईल की नाही, हे सारे आधी ठरलेले नसेल तर त्या वाया जातात. जेऊरच्या दोन मिनिटांपेक्षा येथे अवसर अधिक असतो इतकेच.

हे साधन रेवतीला लावले तर काय दिसते? पुण्याचे अक्षांश १८ अंश ३१ कला. झीटाची उत्तर क्रांती सुमारे साडेसात अंश. म्हणून याम्योत्तरावर ती क्षितिजापासून ७९ अंश उंच येते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती मध्यरात्रीच्या सुमारास तेथे असते. (पुण्याचा स्थानिक काल भारतीय प्रमाणकालाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे आहे, संगणकाला स्थळ अचूक सांगण्याचे कारण हेच.) आता वर्ष मागे नेत इ. स. ५७३ च्या सुमारास आणावे. वसंतसंपात सरकत झीटाजवळ येतो आणि तिच्यापासून सुमारे पाव अंशावरून जातो. वर सांगितलेली चौकट तेथे ठेवली तर तारा व संपात दोन्ही आरामात मावतात, भोवती भरपूर जागा उरते. तसेच इ. स. २८५ मध्ये जाऊन चित्रा पाहावी. शरदसंपात तिच्याच भोगावर येतो, पण तारा त्याच्या दक्षिणेस दोन अंशांना थोड्याच कमी अंतरावर राहते. चौकट सरळ ठेवली तर दोन्ही एकत्र येत नाहीत. ती तिरकी फिरवून तारा एका कोपऱ्यात व संपात समोरच्या कोपऱ्यात बसवावा लागतो. संपात हा प्रकाशहीन बिंदू. त्याचे छायाचित्र कोणत्याही दुर्बिणीने घेता येणार नाही. तो फक्त नकाशात असतो. केरूनाना व केतकर ज्याविषयी कागदावर भांडले तो बिंदू पडद्यावर डोळ्यांनी पाहता येणे, ही या साधनाची इतिहासाभ्यासकाला झालेली खरी देणगी होय.

या प्रात्यक्षिकाने रैवतपक्ष सिद्ध झाला असे मात्र समजू नये. चौकटीत नीट बसणे हा पुरावा नव्हे. प्राचीनांनी आरंभबिंदू तारेवरून ठरविला की गणितावरून ठरविलेल्या बिंदूजवळची तारा नंतर योगतारा म्हटली, हे नकाशा सांगू शकत नाही. इ. स. ५७३ चे आकाश तो बिनचूक दाखवितो; त्या आकाशाखाली बसलेल्या गणकाने 'रेवती' म्हणून कोठे बोट केले, हे त्याला ठाऊक नाही. त्यासाठी पुन्हा दीक्षितांच्या कोष्टकाकडे, ध्रुवक-विक्षेपांच्या पाठभेदांकडे व हस्तलिखितांकडेच यावे लागते.

ही सावधगिरी आता अधिक आवश्यक झाली आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१६ मध्ये तारांची नावे निश्चित करण्यासाठी एक कार्यगट नेमला. त्याने २०१७ मध्ये मेष राशीतील ४१ क्रमांकाच्या तारेला 'भरणी' आणि २०१८ मध्ये झीटाला 'रेवती' हे नाव अधिकृतपणे दिले. संघाची यादी वापरणाऱ्या तारानकाशांत आज त्या ठिपक्याशेजारी हे नाव आढळते. संस्कृत नावांना जागतिक सूचीत स्थान मिळाले याचा आनंद वाटणे साहजिक आहे. परंतु पडद्यावरील नावाशेजारी मतभेद लिहिलेले नसतात. कोलब्रुकपासून दीक्षितांपर्यंत नव्वद वर्षे जे अनुमान म्हणून, पुरावे व शंका यांच्यासह, मांडले जात होते, ते तेथे निव्वळ नाव म्हणून उमटते. पाचशे वर्षांनी एखादा अभ्यासक या सूचीवरून हिंदूंची रेवती कोणती याचा निर्णय करू लागला, तर त्याला ते नाव सूचीत कोणत्या पुराव्याने आले हे कळण्याचा मार्ग उरला पाहिजे. विद्यापीठांतील विभागांनी योगतारांच्या नावांची साधार सूची, प्रत्येक ओळखीमागील ग्रंथ, आकडा व मतांतर यांसह, मराठीत सिद्ध करून अशा आज्ञावलींना जोडून देण्याजोगी करावी. हे काम संगणकतज्ज्ञापेक्षा पाठचिकित्सा जाणणाऱ्याचे अधिक आहे.

अधिकृत नावाविषयी आणखी एक बारकावा नोंदविण्यासारखा आहे. झीटा ही एकटी तारा नाही. लहानशा दुर्बिणीतूनही तेथे दोन तारा दिसतात : एक पाचव्या प्रतीची, दुसरी सहाव्या, दोहोंत सुमारे २३ विकलांचे अंतर. वर घेतलेल्या ७५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला प्रचारातील एखादा कॅमेरा लावला, तर त्या छायाचित्रात सुमारे वीस पिक्सेल अंतरावर वेगळ्या उमटतात. संघाने 'रेवती' हे नाव दिले आहे ते फक्त पहिलीला. दुसरी तिच्या पूर्वेस, जवळजवळ क्रांतिवृत्ताच्याच दिशेने आहे. तेव्हा योगतारा म्हणून पहिलीऐवजी दुसरी धरल्यास निरयन आरंभबिंदू २३ विकला पुढे जाईल आणि शून्य अयनांशाचा काळ सुमारे साडेपाच महिन्यांनी बदलेल. या फरकावरून पुण्यात पक्ष पडल्याचे अजून ऐकिवात नाही.